शिडी कुणी लावली?



हिवाळ्यात आमच्या शाळेतून दहावीच्या वर्गाची एक दिवसाची सहल निघाली. लांबच्या सहलीचा खर्च बऱ्याच पालकांना झेपत नाही, म्हणून आम्ही जवळचाच डोंगर निवडला, पांडवलेण्यांचा. नाशिककरांना सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून, शहराच्या दक्षिणेला हा डोंगर आहे. त्याचे जुने नाव त्रिरश्मी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून बौद्ध भिक्खूंसाठी तिथे लेणी कोरली गेली. आज ती चोवीस मोजतात. पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही, ते नाव लोकांनी मागाहून दिले.

पायऱ्या चढताना एक मुलगी आमच्या बाजूने चालू लागली. वर्गात ती फारशी बोलत नाही. तिने हळूच विचारले, "सर, एक पूछूं? इर्तिका फक्त लिहायचं, की मानायचंसुद्धा?"

आम्ही भाषेचे शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञानाचा प्रश्न आमच्याकडे कसा आला, असे मनात आले. पण मुले प्रश्न विचारताना विषय पाहत नाहीत, माणूस पाहतात. आपल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. उर्दूत उत्क्रांतीला इर्तिका म्हणतात. एनसीईआरटीने २०२३च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, पण आपल्या बोर्डाच्या मुलांना तो अभ्यासावा लागतो. घरी कोणीतरी तिला सांगितले होते, "पेपरात लिहून मार्क घे आणि नंतर विसरून जा."

खरे सांगायचे तर आमच्याही तोंडावर हेच उत्तर आले होते. शिक्षकाच्या नोकरीत हे उत्तर फार सोयीचे असते. मुलगी गप्प होते, पालक नाराज होत नाहीत, निकालही बिघडत नाही. पण मग वाटले, या उत्तरातून आपण तिला विज्ञान शिकवत नाही आणि दीनही शिकवत नाही. जे लिहितो ते मनात धरायचे नाही आणि जे मनात आहे ते लिहायचे नाही, एवढेच शिकवतो. आम्ही म्हणालो, "वर पोहोचू दे, डबे उघडले की बोलू."

वर पोहोचलो तेव्हा घड्याळात बारा वाजत होते. तिथे वेगळाच वाद सुरू झाला. एका मुलाने पाण्याची बाटली उन्हात उभी करून सावली पाहिली. भूगोलात वाचले होते की मध्यान्ही सावली सगळ्यांत आखूड असते. पण बारा वाजून गेले तरी सावली आखडतच राहिली. साडेबारा उलटल्यावर कुठे ती पुन्हा लांबू लागली. मुले म्हणाली, "सर, घड्याळ चुकतंय की सूर्य?"

कोणीच चुकत नव्हते. आपल्या देशाची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरवली आहे. नाशिक त्याच्या पश्चिमेला, पावणेचौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी ३५ मिनिटे मागून माथ्यावर येतो. मशिदीतल्या वेळापत्रकात जोहर बाराला का सुरू होत नाही, हे त्या दिवशी कित्येक मुलांना पहिल्यांदा समजले. १ जानेवारी १९०६ला ही प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईकरांनी ती मनापासून स्वीकारली नाही. ३९ मिनिटे मागे चालणारा 'मुंबई टाइम' त्यांनी पुढे जवळजवळ पन्नास वर्षे जपला.

मुलांना आम्ही एवढेच म्हणालो, "बाळांनो, बाराचा ठोका ही माणसाने केलेली सोय आहे. रेल्वे, शाळा, कचेऱ्या चालाव्यात म्हणून केलेली. सोय चांगलीच आहे. फक्त ती आपण केली आहे, हे विसरू नये. सूर्याला ती बांधलेली नाही." हे वाक्य त्या दिवशी पुन्हा आमच्याच अंगावर येणार होते, हे तेव्हा माहीत नव्हते.

डबे उघडले आणि इर्तिकाचा विषय निघाला. एक मुलगा हसून म्हणाला, "म्हणजे आपण बंदर की औलाद!" दुसरा म्हणाला, "मग आताची माकडं माणूस का होत नाहीत?" मुली हसायला लागल्या. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, ती मात्र हसली नाही.

आम्ही फतवा द्यायला बसलो नव्हतो, तसा आमचा अधिकारही नाही. हजरत आदम (अलै.) यांच्याविषयी आपला ईमान काय आहे, हे प्रत्येक मूल घरून शिकून आलेले असते. या विषयावर आपल्या आलिमांमध्ये आणि मुस्लिम शास्त्रज्ञांमध्ये निरनिराळी मते आहेत, हेही आम्ही मुलांपासून लपवले नाही. पण मानणे, न मानणे यांच्या आधी एक पायरी आहे. समोरचा नेमके काय म्हणतो ते नीट ऐकून घेणे. न ऐकता नाकारणे आणि न समजता मान डोलावणे, दोन्हींत इन्साफ नाही.

मग विज्ञान काय म्हणते? आजच्या माकडापासून माणूस झाला, असे ते म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज फार मागे एक होते, असे म्हणते. चुलतभावाला कोणी 'तू माझा बाप आहेस' म्हणत नाही, तसेच हे. चार्ल्स डार्विनचे 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हे पुस्तक १८५९ साली आले. त्या जाड पुस्तकात चित्र एकच आहे, फांद्या फुटत गेलेल्या रेषांचे. शिडीचे नाही, झाडाचे. त्या झाडावर माणूस शेंड्यावर बसलेला नाही. तो एका फांदीचे टोक आहे, तसे वटवाघूळ दुसऱ्या फांदीचे आणि आंब्याचे झाड तिसऱ्या फांदीचे. जो जीव ज्या ठिकाणी तगून राहिला, पुढे वाढला, तो त्या ठिकाणी योग्य ठरला. यात कोणी वरचा, कोणी खालचा हा हिशेबच नाही.

इथे आमच्यातला भाषाशिक्षक जागा झाला. 'इर्तिका' आणि 'तरक्की' हे दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच धातूचे, आणि त्याचा अर्थ वर चढणे. मराठीतल्या 'उत्क्रांती'मधला 'उत्'सुद्धा वरच जातो. शब्दच असे मिळाले की ऐकताक्षणी डोळ्यांपुढे शिडी उभी राहते. खाली किडा-मुंगी, मध्ये माकड, वर माणूस. आणि एकदा माणूस वरच्या पायरीवर उभा राहिला की तो लगेच शेजाऱ्याकडे पाहतो. हा माझ्या पायरीवर आहे, की एक पायरी खाली?

ही शिडी फक्त पाश्चात्त्यांची नाही. इब्ने खल्दून यांनी १३७७ साली लिहिलेल्या मुकद्दम्यात खनिज, वनस्पती, प्राणी आणि मग माणूस अशी चढती साखळी मांडली आहे. बसऱ्याच्या अल-जाहिज यांनी नवव्या शतकात प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात एक जीव दुसऱ्यावर कसा जगतो याची निरीक्षणे आहेत. 'हे सगळे आमच्याकडे आधीच होते' असे छाती फुगवून सांगण्यासाठी ही नावे घेत नाही. आपल्या बुजुर्गांनी हे प्रश्न न भिता हाताळले, एवढ्यासाठीच घेतो. शिडीचा मोह त्यांनाही झाला, आपल्यालाही होतो.

या मोहाचा उपयोग करणारेही असतात. १९०१च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदुस्थानातल्या जातींची उच्च-नीच क्रमवारी लावायला घेतली. माणसाच्या नाकाची लांबी-रुंदी मोजून त्यावरून वंश आणि दर्जा ठरवता येतो, अशी त्यांची समजूत होती. मुलांनी हे ऐकले आणि एकमेकांची नाके पाहून खूप हसली. आम्हीही हसलो.

जेवण झाल्यावर आम्ही मुलांना दहाव्या लेण्यात नेले. तिथे भिंतीवर क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. तो सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. आम्हाला ब्राह्मी वाचता येत नाही, पण त्यात काय आहे ते माहीत होते. उषवदाताने भिक्खूंच्या कपड्यालत्त्यासाठी ३००० कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून दिली. त्यांतली २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे आणि १००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. पहिल्या ठेवीवर दरमहा शेकडा एक आणि दुसरीवर पाऊण असे व्याज ठरले होते. हे विणकर गोवर्धनचे होते. गंगापूरजवळ त्या नावाचे गाव आजही आहे.

एकाने लगेच हात वर केला, "सर, पण व्याज तर हराम!" आम्ही म्हणालो, "बरोबर. आपल्याला ते मनाच आहे. पण हे लोक आपल्या दीनचे नव्हते आणि तो काळही वेगळा होता. तू दुसरी गोष्ट पाहा. राजाच्या जावयाने एवढी रक्कम कोणाच्या भरवशावर ठेवली? हातमागावर बसणाऱ्यांच्या."

मागे उभा असलेला एक मुलगा पुढे आला. त्याचे घर मालेगावचे, शिक्षणासाठी इथे मामाकडे राहतो. घरात चार पिढ्या माग चालतो. तो म्हणाला, "सर, हम भी जुलाहे हैं. मग हे आमचेच लोक का?"

त्याचा चेहरा असा उजळला होता की 'हो' म्हणावेसे वाटले. पण खोटे कसे बोलणार? मालेगावचे मोमीन विणकर १८५७च्या उठावानंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून आले. गोवर्धनच्या विणकरांशी त्यांचे रक्ताचे नाते सांगायला काही आधार नाही. आम्ही म्हणालो, "बेटा, खानदानाचे नाते सांगता येणार नाही. हुनराचे नाते मात्र नक्की आहे. जो धागा ते जोडत होते, तोच तुझे अब्बा जोडतात."

तो म्हणाला, "मग सर, आजकाल लोग जुलाहा बोल के गाली क्यूं देते?"

त्या डोंगरावर याचेही एक उत्तर कोरलेले आहे. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आपल्या मुलाची, गौतमीपुत्राची, तिने त्यात भरभरून तारीफ केली आहे. त्या तारफेत एक गोष्ट अशी आहे की त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबवली. म्हणजे एकाच डोंगरावर, थोड्याच पावलांच्या अंतरावर, एका दगडात विणकरांवर टाकलेला विश्वास कोरलेला आहे आणि दुसऱ्यात माणसे आपापल्या पायरीवर बांधून ठेवल्याचा अभिमान. वाद जुनाच आहे. याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसे त्यात उतरली. पाच वर्षे झगडूनही दार उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

हा इतिहास आम्ही दरवर्षी शिकवतो. पण वाचकहो, शिकवताना आमच्या आवाजात एक सूर असतो, तो आम्हाला त्या दिवशी ऐकू आला. 'हे त्यांच्यात होते, आपल्यात नाही' असा सूर. आपल्याकडे सफ एक, इमाम एक, खांद्याला खांदा. मुलाच्या प्रश्नापुढे तो सूर टिकला नाही, कारण तीनच आठवड्यांपूर्वी आम्ही एका बैठकीत बसलो होतो.

ती बैठक आमच्या मामूजानच्या घरी होती. त्यांच्या नातीसाठी, म्हणजे आमच्या भाचीसाठी, स्थळ आले होते. मुलगा अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर, नमाजी, बोलायला नम्र, कसले व्यसन नाही. मुलीलाही तो पसंत होता, अम्मीच्या कानात तिने तसे सांगितले होते. घरचे मालेगावचे, मागवाले. मामूजानने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "लड़का अच्छा है, मगर बराबर के लोग नहीं हैं." कोणीतरी 'कुफू'चा हवाला दिला. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्या माना हलवणाऱ्यांत आम्ही होतो. बी.एड. झालेले, मुलांना समतेवर निबंध लिहून देणारे आम्ही.

कुफू म्हणजे लग्नातली बरोबरी. फिकहच्या किताबांत त्याची चर्चा आहे हे खरे. हनफी किताबांत वंश आणि पेशाचाही विचार केलेला दिसतो, मालिकी मतात भर दीनदारीवर आहे. आम्ही आलिम नाही, मसला सांगत नाही. पण त्या बैठकीत कोणी किताब उघडली नव्हती. निकाल आधी ठरला होता, शब्द नंतर शोधला. प्रेषित (सल्ल.) यांची चुलत बहीण दुबाआ (रजि.) कुरैशच्या सगळ्यांत मानाच्या घरातल्या. त्यांचा निकाह कुरैशच्या बाहेरून आलेल्या मिक्दाद (रजि.) यांच्याशी झाला होता. हजरत जकरिया (अलै.) सुतारकाम करीत. हे सगळे आम्हाला त्या दिवशीही ठाऊक होते. ठाऊक असूनही आम्ही बिस्किट चहात बुडवत बसलो.

आणि आमची स्वतःची पायरी तरी कोणती? आमचे पणजोबा एका इनामदाराकडे कारकून होते. आजोबा सांगताना म्हणत, "आमचे वडील इनामदारांच्या वाड्यात असत." अब्बांच्या काळात ते 'इनामदारांपैकी' झाले, आणि आमच्या पिढीत नुसते 'इनामदार' राहिले. आपल्याकडे जुनी म्हण आहेच की एखादा पहिल्या साली कसाई असतो, दुसऱ्या साली शेख होतो आणि धान्याला भाव आला तर तिसऱ्या साली सय्यद. इब्ने खल्दून यांनी तर मुकद्दम्यात लिहून ठेवले आहे की घराण्याची प्रतिष्ठा फार तर चार पिढ्या टिकते. एक कमावतो, दुसरा त्याच्याकडून शिकतो, तिसरा नुसते अनुकरण करतो आणि चौथा समजतो की हे सगळे जन्मानेच मिळाले. मोजून पाहिले तर त्या चहाच्या टेबलावर आम्ही चौथे होतो.

सहलीनंतरच्या सोमवारी आम्ही मुलांना मैदानात नेले. विज्ञानाच्या मॅडमनी एक छान हिशेब मांडून दिला होता. एक मिलीमीटर म्हणजे एक हजार वर्षे. पांडवलेण्यांचा दगड हा दख्खनचा काळा बेसाल्ट. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. या मापाने त्याला ६५ मीटर दोरी लागते. आमच्या मैदानात ती मावली नाही, फाटकातून बाहेर गल्लीत न्यावी लागली. पानवाले चाचा विचारत होते, "मास्टरजी, ये क्या नाप रहे हो?" पृथ्वीवर आपल्यासारखी माणसे सुमारे तीन लाख वर्षांपासून आहेत. ती मावली दप्तरातल्या तीस सेंटीमीटरच्या पट्टीत. लेण्यांतला विणकरांचा लेख दोन मिलीमीटरच्याही आतच राहिला. मग तो मालेगावचा मुलगा म्हणाला, "सर, आणि चार पिढ्या?"

चार पिढ्या म्हणजे साधारण शंभर वर्षे. या मापात मिलीमीटरचा दहावा भाग. वहीच्या एका पानाची जाडी असते तेवढी. मुलांनी वहीचे एकेक पान चिमटीत धरून पाहिले. कोणी काही बोलले नाही. सूरह अल-अस्रमध्ये काळाची शपथ का घेतली असेल, याचा थोडासा अंदाज आम्हाला त्या चिमटीत आला.

इर्तिकाचा प्रश्न विचारणारी मुलगी दोरीच्या टोकाशी उभी होती. आम्ही तिला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचे उत्तर देतो. पेपरात जे लिहिशील ते आधी समजून घे, कारण न समजता लिहिणे ही नक्कल आहे. समजल्यावर जे पटत नाही, त्यावर प्रश्न विचार, आलिमांना विचार, विज्ञानाच्या मॅडमना विचार. पण तोंडात एक आणि मनात एक ठेवू नकोस. ती सवय पेपरापुरती राहत नाही." ती म्हणाली, "जी सर." मग जरा थांबून म्हणाली, "आपको भी आदत है क्या सर?"

मुलांच्या तोंडून कधी कधी असे निघते. तिला आमच्या बैठकीबद्दल काही माहीत असणे शक्य नव्हते. आम्ही म्हणालो, "हो, आहे."

त्या संध्याकाळी आम्ही मगरीब पढून मामूजानकडे गेलो. त्यांचे वय ऐंशीच्या घरात. लहानपणी त्यांनीच आम्हाला बोट धरून मदरशात नेले होते. त्यांच्यापुढे आवाज चढवणे आमच्याच्याने होत नाही, आणि चढवायचाही नव्हता. आम्ही जे त्या दिवशी बोलायला हवे होते ते सगळे बोललो. पणजोबांच्या कारकुनीसकट. मामूजान ऐकत राहिले. तसबीह थांबली होती. शेवटी म्हणाले, "ये सब तू उस दिन क्यों नहीं बोला?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांना राग आला असता तर सोपे गेले असते. पण त्यांना राग आला नव्हता. ते खरेच विचारत होते. कदाचित त्या दिवशी एक जरी माणूस बोलला असता, तर त्या म्हाताऱ्या माणसाने कप पुन्हा उचलला असता आणि म्हटले असते, "अच्छा, सोचते हैं." आम्ही त्यांना मोठे मानून गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यालाच आम्ही अदब म्हणत होतो. वडीलधाऱ्याला चुकू देणे ही कसली अदब?

त्या मुलाचे दुसरीकडे ठरले होते. भाचीने चहा आणून ठेवला. जाताना दारापर्यंत आली आणि म्हणाली, "मामू, आप आए, अच्छा किया. थोडा पहले आते." एवढेच. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागले.

नंतर आम्ही तिच्या बायोडाटाचा कागद मागून पाहिला. शिक्षण, उंची, रंग, आणि मग 'बिरादरी' असा रकाना. तो आमच्याच हस्ताक्षरात भरलेला होता. दोन वर्षांपूर्वी घरच्यांनी लिहून द्यायला सांगितला तेव्हा 'सर'चे अक्षर चांगले म्हणून आम्हीच तो लिहिला होता. कोणी जबरदस्ती केली नव्हती. बाराच्या ठोक्यासारखी माणसाने केलेली एक गोष्ट होती ती, पण आम्ही ती अशी भरली होती, जणू आभाळातूनच उतरली आहे.

आम्ही नवा कागद लिहून दिला आहे. त्यात तो रकाना नाही. मामूजानने तो पाहिला, चश्मा काढला, पुन्हा लावला आणि ठेवून दिला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पाहू या.

वाचकहो, या महिन्यात आपल्यापैकी कोणीतरी अशाच एका बैठकीत बसणार आहे. कुणाच्या तरी मुलामुलीचे नाव निघेल, मग त्यांच्या घरच्यांचा पेशा निघेल, आणि कोणीतरी कप खाली ठेवून 'बराबर के नहीं' म्हणेल. तेव्हा आपण मान हलवण्याआधी एवढेच विचारावे, "कोणत्या बाबतीत बरोबरीचे नाहीत?" प्रश्न नम्रपणे विचारता येतो, त्याला किताबही लागत नाही. लागते ती थोडी हिंमत, आणि वेळ. चहा निवायच्या आत विचारावे लागते.

अल्लाह तआला आपल्या सर्वांना वेळेवर खरे बोलण्याची तौफीक देवो. आमीन.